डावी बाजू, वरीलप्रमाणे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता, खजराना रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या वकिलांच्या गॅरेजात, आपण ती अँबेसेडर घेतली. रक्कम एकोणीस हजार रुपये. बारा तुझे, सात माझे. हजर चौघं: वकीलसाहेब, तू, मी आणि तुझी बायको शैलावहिनी, ज्या सगळा वेळ गाडीकडे पाठ करून उभ्या होत्या. गाडी सहा वर्षं जागची हलली नव्हती. मागच्या सीटमध्ये मांजर व्यायली होती. वकीलसाहेबांनी पैसे दोनदा मोजले आणि म्हणाले, "बिल्ली का अलग से कुछ नहीं लूँगा."

हे आधी लिहितो, कारण एवढंच मला नक्की माहीत आहे. पुढच्या गोष्टींत कोणाचं किती, हा हिशोब माझ्याकडून चुकला, आणि तो दुरुस्त करायला तू थांबला नाहीस. सुधाकर, तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी सव्वीस दिवस प्रयत्न केला. जमलं नाही.

तुझ्या शोकसभेत मिलचे जुने लोक बोलले. एकजण म्हणाला, "सुधाकरभियांच्या हातात जादू होती." सगळ्यांनी माना हलवल्या. मला उठून जावंसं वाटलं. जादू म्हटलं की विषय संपतो; मग कोणाला काही शिकायला नको आणि कोणी विचारायलाही नको. तुझ्या हातात काय होतं ते मला आकड्यात माहीत आहे. अठरा किलो. ते कसं, ते सांगतो, कारण त्या सभेत कोणालाच माहीत नव्हतं आणि मी बोललो नाही.

आपण एकाच मिलमध्ये होतो. तू लूमखात्यातला फिटर, एकवीस वर्षं. मी टाइम ऑफिसातला क्लार्क, म्हणून तुझ्या तोंडी कायमचा 'बाबू'. मिल बंद झाली तेव्हा मी एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे वह्या लिहायला लागलो. तुला नव्या गाड्यांच्या शोरूमच्या दारावर नोकरी मिळाली. निळा गणवेश, शिट्टी, आणि सक्त ताकीद: गाडीला हात लावायचा नाही, बोटं उमटतात. यंत्राच्या आवाजावरून बेअरिंग कोणतं गेलं ते सांगणारा माणूस काचेच्या दाराशी उभा राहून सलाम ठोकत होता, आणि आत टाय लावलेला पोरगा गिऱ्हाइकाला सांगत होता, "बोनेट खोलने की ज़रूरत ही नहीं पड़ेगी, सर." देशात नवं वारं आलं, दारं उघडली, असं तेव्हा पेपरात रोज छापून यायचं. तुझ्या वाट्याला ते दार उघडून धरायचं काम आलं. त्याचा राग तू कधी बोलून दाखवला नाहीस. एका रविवारी राजेंद्र नगरला माझ्या ओट्यावर येऊन बसलास आणि एवढंच म्हणालास, "बाबू, जिला खोलायची जरूरतच नाही ती मशीन नाही यार, डब्बा आहे. मला एक खोलायची गाडी पाहिजे."

जुनी इंदूर भागातल्या तुझ्या गल्लीत सायकल वळवताना हँडल भिंतीला लागतं. म्हणून गाडी माझ्या अंगणात राहणार हे ठरलेलं होतं. टेम्पोला दोर बांधून ती ओढत आणताना वहिनींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "घेतलीच आहे तर गणपतीला दाखवून तरी न्या." खजरानाच्या देवळाबाहेर हार घातलेल्या कोऱ्या गाड्यांची रांग लागली होती. आपली गंजलेली अँबेसेडर दोरासकट त्या रांगेत उभी राहिली. पुजाऱ्याने विचारलं, "ये नई गाड़ी है?" तू हात जोडून म्हणालास, "हमारे लिए तो नई है, महाराज." त्याने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ते तू मला कधी पुसू दिलं नाहीस.

इंटरनेटची कल्पना माझी. हे मी लपवत नाही, आणि आज तर मुळीच नाही. मागच्या आसाचं चित्र कुठे मिळेना म्हणून माझी मुलगी मधुरा आपल्याला कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत घेऊन गेली. तासाला वीस रुपये. तिथे कुठल्याकुठल्या देशांतल्या लोकांनी जुन्या गाड्या दुरुस्त करायच्या पद्धती लिहून ठेवलेल्या. तिने वाचून दाखवलं, तू ऐकलंस आणि म्हणालास, "हा माणूस हात न मळवता लिहून राहिला." मी म्हटलं, मग तू लिही, हात मळवून. तू उठून बाहेर गेलास. चहाच्या टपरीवर मला म्हणालास, "लिहायचं नाव काढू नको. एकदा लिहून पाहिलंय तुझ्या भरवशावर."

ते 'एकदा' काय होतं ते आपल्या दोघांनाच माहीत. आता मला एकट्याला आहे, आणि ते मी एकट्याने वागवणार नाही.

मिलमध्ये तुझ्याकडे चौसष्ट लूम होते. प्रत्येकात काय बिघडलं ते तू तोंडी सांगायचास. मीच तुझ्या मागे लागलो की लिहून ठेव, लिहिलेलं असलं की सुटे भाग मंजूर होतात. तू वही केलीस. सत्तावीस नंबर: पट्टा ढिला, अर्ध्या दिवसाचं काम. अठ्ठावीस: ठीक. एकोणतीस: एक दातेरी चाक बदलायला हवं. अशी चौसष्ट यंत्रं, प्रत्येकाची वेगळी तक्रार. वर्षाच्या शेवटी वरून हुकूम आला, यंत्रांच्या स्थितीचा तक्ता संध्याकाळपर्यंत हवा. तक्ता मी केला. मी आकड्यांचा माणूस आहे. आकडा प्रत्येक ओळीत पूर्ण लिहितो. काटकसर करतो ती शब्दांत. पहिल्या लूमपुढे लिहिलं, 'झिजलेला, मोठी दुरुस्ती आवश्यक'. खाली त्रेसष्ट वेळा लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. मला खरंच वाटलं होतं की सगळंच वाईट दिसलं तर सामान लवकर मंजूर होईल.

सामान आलं नाही. तो तक्ता फायलीत लागला, आणि पुढे मिल चालवणं परवडत नाही असं सांगताना तोच काढून दाखवला गेला. कामगारांच्या सभेत तो मोठ्याने वाचला तेव्हा तू तिसऱ्या रांगेत होतास. मिल माझ्या एका कागदाने बंद पडली नाही, हे तूही म्हणायचास. ती बंद करायची ठरलेलीच होती; विकायला जमीन होती, आणि त्या जमिनीवर लूम अडचणीचे होते. पण कागद माझा होता आणि वही तुझी होती. सभेतून बाहेर पडताना तू विचारलंस, "चौसष्ट पेशंटांना एकच रोग, बाबू?" त्यानंतर कित्येक वर्षं चारचौघांत माझी ओळख तू 'हे वरीलप्रमाणे साहेब' अशी करून द्यायचास. लोक हसायचे. मीही हसायचो.

इतकं असूनही तू वही पुन्हा उघडलीस. का, ते मी विचारलं नाही.

आपली पद्धत तूच बसवलीस. तू पेन्सिलीने वहीत एकेक पायरी लिहायचास, शेजारी चित्र. मग रविवारी अंगणात तू हात पाठीमागे बांधून उभा राहायचास आणि मी, ज्याने आयुष्यात कधी पाना धरला नाही, तो फक्त तुझं लिहिलेलं वाचून काम करायचा. बोलायचं नाही हा तुझा नियम तुझ्याच जिवावर यायचा. मी नट चुकीचा धरला की तुझा चेहरा दात काढून घेणाऱ्या माणसासारखा व्हायचा. मी जिथे अडलो तिथे वहीत दुरुस्ती. माझ्या हातून झालं की मगच ते गाइड म्हणून इंटरनेटवर चढवायचं. तू म्हणायचास, "बाबूला जमलं म्हणजे दुनियेला जमेल."

भांडण आकड्यांवरून व्हायचं. इंजिनाच्या हेडचे नट कसण्यापाशी तू लिहिलं होतंस, 'बस होईपर्यंत कसा.'

"बस म्हणजे किती?"

"बस म्हणजे बस. हाताला कळतं."

"तुझ्या हाताला. वाचणारा जबलपूरला बसलाय, तुझा हात त्याला पोस्टाने पाठवू?"

"मिलमध्ये उस्तादाच्या मागे दोन वर्षं उभा राहिलो तेव्हा कळलं. हा म्हणतो वीस रुपये तासात कळलं पाहिजे."

मी रद्दीवाल्याकडून त्याचा लटकता काटा मागून आणला. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला तो अडकवला आणि तुला ओढायला सांगितलं, काट्याकडे न बघता. पहिल्या नटाला तू थांबलास तिथे अठरा किलो. दुसऱ्याला अठरा. तिसऱ्याला अठरा. रद्दीवाला आ वासून बघत होता. तू काट्यावरचा आकडा स्वतः वाचलास. मग हळूच विचारलंस, "रोज तेवढंच ओढत होतो काय मी?" एकवीस वर्षांत तुला कोणी मोजून सांगितलं नव्हतं. गाइडमध्ये आपण लिहिलं: एक फूट पाना, अठरा किलो. त्या दिवशी तुझ्यामुळे मला जितका आनंद झाला तितका मला माझ्या लग्नातसुद्धा झाल्याचं आठवत नाही. हे लिहिताना बायको मागे उभी आहे. असो.

आठ गाइडं अशी झाली. हिंदीत, इंग्रजी अक्षरांत. टाइप मी करायचो. तू सायबर कॅफेत येत नव्हतास, तिथे तुला तुझे हात फार मोठे वाटायचे. कॉम्प्युटरवर पत्रं यायला लागली. भुसावळहून एकाने विचारलं, गंजलेला नट निघतच नाही. तू सांगितलंस, "लिही, त्याला घासलेट पाज, तू चहा पी, आणि उद्या ये." मी तसंच लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "चौथ्या चहाला निघाला."

नववं गाइड मागच्या चाकांचं बेअरिंग बदलायचं. उजवी बाजू बावीस पायऱ्या, मी करून पाहिली, जमली. डावीकडे वळणार तेवढ्यात पावसाची झड लागली आणि तीन रविवार अंगणात पाय ठेवता येईना. वाचणारे विचारत होते. मी वही घेऊन सायबर कॅफेत गेलो. उजव्या बाजूच्या बावीस पायऱ्या टाइप केल्या. डाव्या बाजूच्या पहिल्या पाच वाचल्या. शब्द न् शब्द तसाच. पान तिथे संपत होतं. तास संपायला सात मिनिटं होती. मी लिहिलं, 'बायीं तरफ ऊपर के मुताबिक.' वही तुला परत केली.

श्रावणात रतलामहून चौबे मास्तरांचं पत्र आलं. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, वडिलांची अँबेसेडर पुन्हा चालवायची म्हणून आपल्या पहिल्या गाइडपासून सगळं शिकत आलेला. त्याने लिहिलं होतं, "सर, दाहिना पहिया हो गया. बायें का बड़ा नट नहीं खुला. मैं और मेरा साला दोनों पाइप पर खड़े हो गए. चूड़ी चली गई. हमसे क्या गलती हुई?" म्हणजे आटे गेले. नट निकामी, आसाचं टोक खराब. आणि विचारतो, आमचं काय चुकलं.

मी त्याची प्रत काढून रविवारी तुझ्यापुढे धरली. तू ओट्यावर बसून दोनदा वाचलंस.

"दोघं पाइपवर उभे राहिले," तू म्हणालास. "साला पण."

"हसण्यासारखं नाही सुधाकर. काय राहिलं लिहायचं?"

तू कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघितलंस. "तिकडचे आटे उलटे असतात. चाक फिरतं त्या दिशेने नट ढिला होऊ नये म्हणून. मिलमध्ये तर प्रत्येक शाफ्टला असं. घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो."

"मग हे लिहायला नको? मास्तरला काय स्वप्न पडणार होतं?"

"तू लिही, बाबू."

"चूक तुझी, मी का लिहू? चूक ज्याची त्याने आपल्या नावाने लिहायची. आपल्यात ठरलंय."

"ठरलंय ना. मग लिही तू."

मला वाटलं तू अंग काढून घेतोयस. आणि मी जे बोललो ते मी पूर्ण लिहितो: "तुझी मिलची भीती गेली नाही अजून. चूक कागदावर आली की नोकरी जाते असं वाटतं तुला. इथे कोणती नोकरी आहे तुझी? शिट्टी वाजवायची?"

तू पाने गोणपाटात गुंडाळलेस. वही पिशवीत टाकलीस. सायकलला पिशवी अडकवून निघालास. फाटकापाशी थांबलास, मला वाटलं काहीतरी बोलशील. तू फक्त फाटकाची कडी नीट लावलीस.

माझा राग इथे सुरू होतो. तुला माहीत होतं. वही तुझ्या पिशवीत होती. एक वाक्य पुरलं असतं, एक शिवी पुरली असती. कित्येक वर्षं चारचौघांत मला 'वरीलप्रमाणे' म्हणून नाचवलंस, आणि ज्या दिवशी ते खरोखर म्हणायला हवं होतं त्या दिवशी तुझी जीभ टाळ्याला चिकटली. ही कसली माया? असली माया मी मागितली नव्हती.

चार महिने आपण बोललो नाही. गाडी माझ्या अंगणात, डावीकडून लाकडी ठोकळ्यांवर. पाने तुझ्या घरी. मी चुकीचं पान काढलंही नाही आणि सुधारलंही नाही, कारण ते तुझं काम होतं. पानाच्या तळाशी किती जणांनी ते उघडलं याचा आकडा दिसतो. भांडणाच्या दिवशी तो दोनशे सहा होता. तुझ्या तेराव्याला दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे माझ्या हट्टाच्या काळात एक्क्याण्णव वेळा कोणीतरी ते पान उघडलं, आणि त्यांतले किती जण पाइपवर उभे राहिले ते मला कधीच कळणार नाही. तू असतास तर म्हणाला असतास, साला धरून गुणिले दोन.

तू दवाखान्यात आहेस हे मला दूधवाल्याने सांगितलं. पहिल्या दिवशी वाटलं, निरोप येईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, वहिनी तरी फोन करतील. तिसऱ्या दिवशी मी मोसंबी आणली आणि घरीच ठेवली. चौथ्या दिवशी गेलो. त्या पलंगावर दुसरा माणूस होता, बसून बिस्किट खात होता. मी त्याला विचारलं, "यहाँ सुधाकरजी थे?" तो म्हणाला, "मैं तो सुबह ही आया हूँ, भिया." मोसंबी त्याला दिली.

तेराव्याला वहिनींनी गोणपाट आणि वही माझ्यापुढे ठेवली. त्या रडत नव्हत्या, चिडलेल्या होत्या. आमचं तेवढं एक जुळलं. म्हणाल्या, "दोन म्हातारे बैल. इकडे हे रोज विचारायचे, बाबूचा काही निरोप? मी म्हटलं, तुम्हीच जा ना. म्हणे, त्याचं काम आहे, तो येईल. आणि शेवटी सांगून गेले, बाबू आला की वही दे, म्हणावं, पान उलट."

"एवढंच?"

"एवढंच. पान उलट म्हणे. मला काय कळतंय त्यातलं."

मी तिथेच, त्यांच्या दारात, पान उलटलं. डावी बाजू, पायरी सहा. 'इथे आटे उलटे. घड्याळाच्या दिशेने फिरवा. जोर लावून निघत नसेल तर थांबा, दिशा पुन्हा बघा.' शेजारी बाण, तीनदा गिरवलेला. खाली, चौकटीत: 'हे नवशिक्याला माहीत नसतं. ठळक लिहिणे.' तारीख पावसाच्या झडीआधीची.

शेवटचा निरोप, सुधाकर, आणि त्यातही टोमणा. वहिनींनी चहा ठेवला होता, मी घेतला नाही. त्यांना वाटलं मला वाईट वाटतंय. मला तुझी सायकल उचलून आपटावीशी वाटत होती.

पुढच्या रविवारी मी एकट्याने चाक काढायला घेतलं. तू हात पाठीमागे बांधून उभा आहेस असं धरून. ठोकळे तपासले, जॅक तपासला, एकेक पायरी मोठ्याने वाचली. सहाव्या पायरीला पान्याला पाइप लावला आणि घड्याळाच्या दिशेने ओढलं. मन सांगत होतं की हे चूक आहे, आपण कसतोय. नट सुटला. माझ्या त्रेपन्न वर्षांच्या हातून, बायकोच्या देखत, पहिल्या झटक्यात. बाविसाव्या पायरीपर्यंत पावणेसहा तास लागले. तुला दीड लागला असता. मधे दोनदा अडलो. त्या दोन जागी वहीत दुरुस्ती केली आहे, माझ्या अक्षरात, तुला न विचारता.

मग सायबर कॅफे, दोन तास, चाळीस रुपये. डाव्या बाजूच्या बावीस पायऱ्या पूर्ण लिहिल्या. वर लिहिलं, ही चूक लिहिणाऱ्याची होती, सांगणाऱ्याची नाही, आणि माझं पूर्ण नाव घातलं. चौबे मास्तरांना पत्र पाठवून भागलं असतं. मी गेल्या शनिवारी स्वतः रतलामला गेलो. आसाच्या दुरुस्तीला पुरतील एवढे पैसे खिशात होते.

दार त्यांच्या सौभाग्यवतींनी उघडलं. अंगणात अँबेसेडर चारही चाकांवर उभी होती, धुतलेली. मास्तर बाहेर आले, नाव ऐकलं आणि हसले. "आइए बाबूजी. मैं तो आपकी राह देख रहा था."

तू नवरात्रात तिथे जाऊन आला होतास. दोन दिवस राहिलास. जुन्या बाजारातून मिळवलेला नट सोबत नेला होतास. तिकोनी कानशीने आसाचे आटे एकेक करून पुन्हा कोरलेस. मास्तर म्हणाले, शाळेतल्या मुलांना आणून दाखवलं मी. साला पण बघायला आला होता. मजुरी घेतली नाहीस, नटाचे पैसे घेतले नाहीस. मी विचारलं, काय म्हणाला? मास्तरांनी तुझी नक्कल केली, मान तिरकी करून: "चौबेजी, गलती हमारी तरफ की है, काम का एक पैसा नहीं लूँगा. पर आने-जाने का किराया दे दीजिए. किराया मेरे हिस्से का नहीं है. इंदौर से एक बाबू आएगा, वो लौटा देगा."

"कब आएगा, ये नहीं बताया?"

"मैंने पूछा था. बोले, ज़िद्दी आदमी है, थोड़ा टाइम लगेगा."

मी त्यांच्या ओसरीवर बसून राहिलो. मास्तरांनी पाणी आणून दिलं आणि शहाणपणाने आत गेले. माझ्यावर तुझा इतका भरवसा होता, तर तो मला ऐकवायचा होतास. रतलामपर्यंत जाऊन एका अनोळखी माणसाकडे ठेवून आलास. राजेंद्र नगर तुझ्या घरापासून सायकलवर अर्ध्या तासाचं. मी येईन हे बरोबर ओळखलंस. वेळ किती लागेल ते ओळखलंस. तुझा वेळ किती उरलाय तेवढा मात्र तुझा अंदाज चुकला, आणि तुझा चुकलेला तो एकच अंदाज मला माहीत आहे. आभार मी मानतो. राग त्याने कमी होत नाही. दोन्ही राहू दे, वेगळ्या ओळींत.

पैसे दिले तेव्हा मास्तर घेईनात. मी म्हटलं, घेतल्याशिवाय उठणार नाही, आणि पावती हवी. त्यांनी शाळेच्या वहीतलं पान फाडलं. "किस बाबत लिखूँ?" मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं: सुधाकरजी का किराया, इंदौर से रतलाम, अड़तालीस रुपये. मग खालच्या ओळीत, परतीच्या भाड्यासाठी, वरचेच शब्द पुन्हा नकोत म्हणून दोन छोट्या रेघा मारायला त्यांनी पेन टेकवलं. मी त्यांचा हात धरला.

"पूरा लिखिए, मास्टरजी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पूर्ण लिहिलं. सुधाकरजी का किराया, रतलाम से इंदौर, अड़तालीस रुपये. एकूण शहाण्णव रुपये, चौबे मास्तर, रतलाम, यांना पोचले.